टाकलेले डफडे आणि उसना ताल

'रॅप' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील जाणती मंडळी दोन प्रकारे बोलतात. एक पक्ष म्हणतो, हा अमेरिकेचा कचरा आहे. पोरांनी टोपी उलटी घातली म्हणून काही विद्रोह होत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, यात नवे ते काय? आमचे जलसेवाले शंभर वर्षांपूर्वी हेच तर करीत होते. पहिल्या पक्षाला उत्तर देण्यात मला फारसे स्वारस्य नाही. दुसरा पक्ष अर्धा बरोबर आहे, आणि अडचण तिथेच आहे. कारण 'हे आमचेच' असे एकदा म्हटले की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

तो प्रश्न असा. शाहिराजवळ डफ होता, कव्वालाजवळ पेटी आणि ढोलक होती, गावात डफडे होते, हलगी होती. असे असताना अमरावती-नागपूरच्या, फार काय आमच्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावातील मुलालाही आपली व्यथा मांडण्यासाठी नायजेरियाचा, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा, पॅलेस्टाइनचा ताल का जवळचा वाटावा? गेल्या काही दशकांत अनेक देशांत असे रॅप तयार झाले आहे की ज्याचा आशय उघड राजकीय आहे, आणि ज्याच्या संगीतात अमेरिकेचे फंक, पश्चिम आफ्रिकेचे आफ्रोबीट आणि अरबी सुरावट एकमेकांत मिसळलेली आहे. आमची मुले ते मोबाईलवर ऐकतात आणि त्याच वळणावर स्वतः लिहू पाहतात. याला नुसती फॅशन म्हणून मोकळे होता येईल. पण मला वाटते, याचे कारण वाद्यांच्या सामाजिक इतिहासात दडलेले आहे.

आधी हे मिश्रण आले कोठून ते पाहू.

हिप-हॉपचा आरंभ सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख देतात. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या गरीब, मोडकळीस आलेल्या भागात, एका इमारतीच्या दिवाणखान्यात क्लाइव्ह कॅम्पबेल या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने ठरविलेल्या एका मेळाव्यात तबकड्या वाजवल्या. पुढे तो डीजे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. त्याच्या ध्यानात आले होते की गाण्यात जिथे गायक थांबतो, बाकी वाद्ये गप्प होतात आणि फक्त ढोल बोलू लागतो, नेमका तिथेच लोक बेभान होऊन नाचतात. हा तुकडा काही सेकंदांचा. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या आणि एकीवरचा तुकडा संपताच दुसरीवर तोच पुन्हा सुरू करण्याची युक्ती काढली. काही क्षणांचा ढोल पाहिजे तेवढा लांबवता येऊ लागला. या लांबवलेल्या ढोलावर लोकांना उद्देशून बोलणे, यमके जुळवीत बोलणे, याचेच पुढे रॅप झाले. महागडी वाद्ये नाहीत, शिकवणारा गुरू नाही, घराणे नाही. दुसऱ्याच्या तबकडीतील एक तुकडा आणि स्वतःचे तोंड, एवढ्या भांडवलावर ही कला उभी राहिली.

ज्या तबकड्यांतून हे तुकडे उचलले त्यांतील बऱ्याच फंक प्रकारच्या होत्या. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जेम्स ब्राउन या गायकाने हा प्रकार रूढ केला. यात गिटार असो की शिंग, प्रत्येक वाद्य तालवाद्यासारखे वागवले जाते आणि सगळा भर आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर समेवर. बाकी वाद्यांनी कोठेही भटकावे, समेला मात्र सगळ्यांनी एकत्र यावे.

आफ्रोबीट ही नायजेरियाच्या फेला कुटीची (१९३८-१९९७) निर्मिती. आणि ढोलवादक टोनी ॲलनचीही (१९४०-२०२०), हे सांगितलेच पाहिजे, कारण ढोल वाजवणाऱ्याचे नाव विसरण्याची खोड सर्व देशांत सारखीच आहे. दोन हात आणि दोन पाय यांनी चार वेगवेगळ्या लयी एकाच वेळी सांभाळणे हे ॲलनचे वैशिष्ट्य होते. एकेक गाणे दहा-पंधरा मिनिटांचे, कधी त्याहून मोठे. फेला एक ओळ टाकणार, मागच्या बायका ती उचलणार. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी झील धरतात तसे. आणि भाषा? साहेबी इंग्रजी नव्हे, केवळ आपली योरुबाही नव्हे, तर बाजारात, बंदरात बोलली जाणारी मोडकी इंग्रजी. भाषेभाषेच्या लोकांना कळावी म्हणून मुद्दाम निवडलेली. १९७६ च्या 'झोम्बी' या गाण्यात त्याने हुकमाबरहुकूम चालणाऱ्या सैनिकांची टर उडवली. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी त्याच्या वस्तीवर हल्ला करून ती जाळली. त्याच्या वृद्ध आईला, फुनमिलायो रॅन्सम-कुटी या स्त्रियांच्या लढ्यातील नावाजलेल्या कार्यकर्तीला, खिडकीतून खाली फेकण्यात आले. १९७८ मध्ये ती मरण पावली.

याच फेलाच्या आयुष्यातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९६९ मध्ये तो अमेरिकेत असताना सँड्रा इझिडोर या तरुणीमुळे माल्कम एक्सचे आणि ब्लॅक पँथरचे विचार त्याला प्रथम नीट कळले, आणि तेथून त्याचे गाणे राजकीय झाले. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ चा. त्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी 'गोलपीठा' आला. म्हणजे एकाच विस्तवाची ठिणगी लागोसलाही पडली आणि कामाठीपुऱ्यालाही. फरक एवढाच की आम्ही पँथरचे नाव घेतले, जाहीरनामा घेतला, कवितेची भाषा पेटवली. त्यांचा ताल मात्र घेतला नाही. आमच्या हाती त्या तबकड्या पडण्याचे कारणच नव्हते. आफ्रोबीट आणि दलित कविता एकाच वयाची भावंडे असूनही पन्नास वर्षे एकमेकांना भेटली नाहीत. आज ती भेटत आहेत ती नातवंडांच्या मोबाईलमध्ये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांचा ढोल हिरावून घेण्यात आला होता. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत ते पुढे निघाले आणि वाटेत आणखी माणसे त्यांना मिळत गेली. बंड चिरडले गेले आणि १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगण्यास बंदी करण्यात आली. ढोल ही बोलावणी आहे, हे मालकाने बरोबर ओळखले होते. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या संगीतात ढोल पुन्हा मध्यभागी येतो, गाणे थांबवून एकटा ढोल बोलू लागतो, तेव्हा ती हिरावलेली वस्तू परत घेतल्याची खूण असते.

आमचे उलटे आहे. आमचा ढोल कोणी हिरावला नाही. तो आमच्या गळ्यात बांधला. गावात कोणाचे लग्न असो, देवाची पालखी असो, पोळा असो, प्रेत निघालेले असो, डफडे वाजवायचे ते मांगाने, महाराने. बिदागी म्हणून ओंजळभर धान्य, वरून ओवाळून टाकलेला पैसा. वाजवणारा मिरवणुकीच्या पुढे, पण देवळाच्या बाहेर. कातडे मेल्या जनावराचे, म्हणून वाद्य अपवित्र, आणि वाजवणाराही अपवित्र. मंगल कार्याला मात्र त्याच्यावाचून अडणार. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपली माणसे नागपूरला गेली आणि परतल्यावर त्यांनी गावकीची जी कामे सोडली, त्यांत मेलेली ढोरे ओढणे होते, तसेच अनेक गावांत हे वाजवणेही होते. आमच्या भागातील जुन्या माणसांकडून मी ऐकले आहे की डफडे आढ्याला टांगले ते पुन्हा उतरवलेच नाही. गावाने बोल लावले, कामावरून काढले, तरी उतरवले नाही. त्यांनी एक माज मोडण्यासाठी आपल्या हातातील कलाही टाकून दिली. या त्यागाची नोंद आमच्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. पोटासाठी जे वाजवत राहिले, त्यांच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे पापही आमच्यातील काहींनी केले आहे. तेही लिहून ठेवले पाहिजे.

म्हणजे एकाच्या दृष्टीने ढोल हाती घेणे हा विद्रोह, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो खाली ठेवणे हा विद्रोह. पण ढोल खाली ठेवल्यावर गायचे कशावर? चळवळीला गाणे तर पाहिजेच होते.

हा प्रश्न आमच्या पूर्वसूरींनी सोडवला आणि तोही उसनवारीनेच. अरबीशी आपले नाते येथे आहे आणि ते आजच्या मुलांनी जोडलेले नाही. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर'वरून आला. 'जलसा' अरबी, म्हणजे बैठक. 'डफ' हे अरबांच्या 'दफ्फ'चेच नाव. 'कव्वाली' ज्या 'कौल' शब्दापासून झाली तो अरबी, अर्थ बोल किंवा वचन. देवाला कौल लावतात तोही हाच. 'मुकाबला' अरबी. 'हक्क' अरबी. आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये ज्या पुस्तकाने आमच्या दास्याला नाव दिले आणि जे अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, त्या 'गुलामगिरी'तील गुलामही अरबीच. तेव्हा अरबी सूर ऐकून ज्यांचे कान टवकारतात त्यांनी आपला शब्दकोश एकदा उघडून पाहावा.

सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील गणेशाचे स्तवन बाजूला सारले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी तोच साचा आणखी धारदार केला. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) सिनेमाच्या चाली घेतल्या, भजनाच्या घेतल्या. आमच्या विदर्भात नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी दर्ग्यातील कव्वालीत भीम आणि बुद्ध आणला. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तेव्हा 'दुय्यम कव्वालीचा जंगी मुकाबला' अशी पत्रके आजही लागतात. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक सवाल टाकते, दुसरीने जागच्या जागी जवाब द्यायचा, रात्र सरेपर्यंत. रॅपमध्ये दोघे जण समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी चीत करतात तो प्रकार आमच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. कव्वालीची पेटी आणि ढोलक का निवडली, हेही उघड आहे. तिच्यावर गावकीचा डाग नव्हता. ती परकी होती, म्हणून स्वच्छ होती.

उसन्या तालाचे सामर्थ्य मला येथेच दिसते. लागोसहून आलेला ताल वाजताना कोणी पाटील असे म्हणू शकत नाही की, हे तर तुमचे वाजवायचे काम.

तांत्रिक बाजूनेही हा सांधा जुळतो. कुहीतील एका मुलाने मला आपले रॅप ऐकवले तेव्हा मी बोटांवर मात्रा मोजल्या. चार ठोक्यांचे आवर्तन, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग. म्हणजे आठ मात्रा, म्हणजे आपला केरवा. आमची बहुसंख्य भीमगीते केरव्यातच आहेत. मिनिटाला ८५ ते १०० ठोके ही रॅपची साधारण लय, धिम्या चालीने बोलणाऱ्या माणसाला सोयीची. अडचण येते ती भाषेची. ग्रंथातील मराठीत दर वाक्याच्या शेवटी 'आहे' येऊन बसते आणि सगळी यमके एकाच खुंटीला टांगली जातात. आमच्या बोलीत 'काहून बे', 'जाऊन राह्यला', 'सांगून राह्यलो' असे ठसके असल्याने शब्द ठोक्यावर आदळतो. शाळेत जी बोली गावंढळ म्हणून हिणवली गेली, तीच येथे कामाची ठरते.

हे करणारे लोक कोण? मुंबईतील 'स्वदेसी' हा गट २०१३ पासून मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत रॅप करीत आला आहे. २०१९ मध्ये त्यांनी आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे रातोरात तोडण्यात आली. या गटातील धर्मेश परमार, ज्याला लोक 'तोडफोड' म्हणून ओळखत, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. याच गटातील सौरभ अभ्यंकर हा अमरावतीचा. आपल्या नावातील 'सौ' तो १०० या आकड्याने लिहितो. ही गंमत मराठी-हिंदी जाणणाऱ्यालाच कळावी. विपिन तातड हाही अमरावतीचा. जातीविषयी ही मुले आडपडदा न ठेवता बोलतात. तिकडे ट्युनिशियात २०१० च्या अखेरीस 'एल जनरल' नावाच्या रॅपगायकाने राष्ट्राध्यक्षाला उद्देशून गाणे केले, जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली, आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्षच देश सोडून पळाला. लोद शहरातील पॅलेस्टिनी तरुणांच्या 'डॅम' या गटाने २००१ मध्ये 'दहशतवादी कोण?' असा सवाल अरबी रॅपमधून टाकला. आमच्याकडे २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या कलावंतांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे व उमेश खाडे या मराठी रॅपगायकांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. यमक जुळवणाऱ्या पोरांची सत्तेला भीती वाटते, एवढे तरी या नोंदींवरून दिसते. समीक्षकांना ती वाटत नाही, म्हणून ते अजून वाचत बसले आहेत.

मात्र सावध राहावे अशाही दोन जागा आहेत.

पहिली जागा बाजाराची. मुले ज्याला 'बीट' म्हणतात ते तयार ताल मोबाईलवर फुकट किंवा चार पैशांत मिळतात. त्यांवर 'आफ्रो', 'अरेबिक', 'फंक' अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. या चिठ्ठीवरचे 'अरेबिक' बहुधा सिनेमातील गारुड्याची पुंगी असते. अरबी मकामात आपल्या बारा सुरांच्या मधल्या फटीतले जे सूर लागतात, त्यांचा तिथे पत्ता नसतो. 'आफ्रो' म्हणजेही फेलाचे आफ्रोबीट नव्हे. 'आफ्रोबीट्स' असे अनेकवचनी नाव धारण करणारे ते आजचे नाचगाणे आहे, गोड आणि निरुपद्रवी. चिठ्ठी वाचून ताल घेऊ नये, मागे जाऊन ऐकावे. आणि पैशाचेही पाहावे. जेम्स ब्राउनच्या १९७० च्या 'फंकी ड्रमर' या तबकडीतील ढोलाचा तुकडा शेकडो रॅप गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफिल्डला त्या वापराचे जवळजवळ काही मिळाले नाही. तो २०१७ मध्ये वारला. ओंजळभर धान्यावर वाजवणाऱ्या आमच्या माणसाला हा हिशेब लगेच समजला असता. तमिळ रॅपगायक अरिवू याने आपल्या भूमिहीन पूर्वजांच्या आठवणींवर लिहिलेले 'एन्जॉय एन्जामी' २०२१ मध्ये जगभर गाजले, आणि त्याच वर्षी एका इंग्रजी संगीत-मासिकाने मुखपृष्ठावरून त्यालाच वगळले, तेव्हा पा. रंजित यांना जाहीर निषेध करावा लागला.

दुसरी जागा अधिक नाजूक आहे. आता काही मुले रॅपमध्ये हलगी, डफडे वापरू लागली आहेत. आढ्याला टांगलेले वाद्य खाली उतरवायचे काय? चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गट जानेवारी २०१८ मध्ये प्रथम लोकांपुढे आला. अयोध्यादास पंडितरांनी जातिविहीन तमिळ माणसाची जी कल्पना मांडली तिच्यावरून त्यांनी नाव घेतले. त्यांच्या संगीतात गाना आहे, रॅप आहे, आणि पराई हा ढोलही आहे, ज्याच्यावरून एका अस्पृश्य जातीलाच नाव पडले. तेथेही पराई टाकावी की मिरवावी यावर मोठा वाद झालेला आहे. माझे मत असे की वाद्याला जात नसते हे वाक्य खोटे आहे. वाद्याला जात असते, कारण हुकूम देणाऱ्याला जात असते. ज्या दिवशी डफडे कोणाच्या हुकमाने वाजत नाही, वाजवणारा स्वतःच्या शब्दासाठी वाजवतो आणि थांबवावेसे वाटेल तेव्हा थांबवू शकतो, त्या दिवशी ते वेगळे वाद्य होते. पण ही गोष्ट मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षात जितकी सोपी तितकी कुहीच्या वेशीवर नाही. येथे अजून 'जरा वाजवून दाखव रे' म्हणणारे आहेत. म्हणून जे उतरवत नाहीत त्यांना मागासलेले म्हणू नये.

आणि डीजे! चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीएवढे भोंगे लावून जे चालते त्यात ताल उसना आहे, मोठा आहे, पण शब्द कोठे आहे? वामनदादांची ओळ त्या दणक्यात ऐकू येत नाही. कूल हर्कने ढोल लांबवला तो बोलायला जागा व्हावी म्हणून. शब्दाविना तो दणका म्हणजे दुसऱ्याच्या दारचे वाजवणेच, फक्त भाडे आपण भरायचे.

आमच्या तालुक्यात लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गावे गेली. कुही आणि मांढळकडे मिरचीचे सातरे आहेत. तेथे बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ तोडतात, वजनावर मजुरी घेतात, हातांची आग रात्री पाण्यात बुडवूनही जात नाही, खोकला घरी घेऊन येतात. ज्या मुलाचे रॅप मी ऐकले त्याची आई सातऱ्यावर जाते. त्याच्या रॅपमध्ये डफडे नाही. आफ्रोबीटचा एक तुकडा आहे, वर कव्वालीतल्या टाळ्या आहेत, आणि एक जड, बसका आवाज आहे जो मला काही केल्या ओळखता येईना. विचारले तेव्हा तो म्हणाला, देठ तोडलेल्या मिरचीचे पोते काट्यावर टाकतात ना, त्याचा आवाज. मोबाईलमध्ये भरून आणला. दर आवर्तनाला तो एकदाच येतो, समेवर.